पॅसेज मोकळा ठेवावा

बुटाच्या टोकानं एक चप्पल सरळ करायची, दुसरी ढकलत तिच्या शेजारी आणायची, दोन पावलं मागं सरून रांग न्याहाळायची आणि मग बेल वाजवायची. दार उघडलं की विचारायचं, "सायेब, कॉमन म्हणजे कुणाचं?"

या प्रश्नाला आमच्या इमारतीत बरोबर उत्तर नव्हतं. "सगळ्यांचं" म्हटलं की आमचे सेक्रेटरी म्हणत, "मग तुमच्या एकट्याच्याच चपला का?" "कुणाचंच नाही" म्हटलं की म्हणत, "मग उचला." मी दोन्ही उत्तरं देऊन पाहिली आणि दोन्ही वेळा चपला उचलल्या.

असा एक सेक्रेटरी तुमच्याही इमारतीत असणार. नसेल, तर तुमच्या जिन्यात नादुरुस्त कूलर असणार. आमच्याकडे सुभेदार होते. फौजेतून निवृत्त, गाव कडेगावकडचं. तिथला ऊस भावाच्या हवाली करून, बायकोच्या गुडघ्यांसाठी मिरजेत फ्लॅट घेतला. इथं दवाखान्यांना तोटा नाही. गुडघे बरे झाले, काकू रोज भाजी घेऊन तिसरा मजला चढू लागल्या आणि सुभेदारांना काही कामच उरलं नाही. मग सरहद्दीच्या जागी त्यांनी पॅसेज राखायला घेतला.

आता आम्ही सगळे सुशिक्षित. घरातली फरशी आरशासारखी हवी आणि त्यासाठी घरातलं सगळं उंबऱ्याबाहेर हवं, एवढी स्वच्छतेची जाण आम्हाला होती. माझ्या दाराबाहेर चपलांचं एक स्टँड होतं. त्याचा एक पाय मोडलेला असल्यानं ते घरात ठेवण्याच्या लायकीचं नव्हतं, म्हणजेच बाहेर ठेवण्याच्या पूर्ण लायकीचं होतं.

पहिल्या मजल्यावर तासगावचे बेदाण्याचे व्यापारी राहतात. दोन दिवसांसाठी म्हणून जिन्याखाली ठेवलेले त्यांचे बॉक्स दिवाळी उलटली तरी तिथंच होते. एका दुपारी सुभेदारांनी ते उचलून पंपाच्या खोलीत कोंडले. त्या खोलीला ते 'क्वार्टर गार्ड' म्हणत. फौजेत कसूर करणाऱ्याला तिथं बसवतात म्हणे. बेदाण्यांमागोमाग मुंग्याही अटकेत गेल्या, पंपाच्या स्टार्टरमध्ये शिरल्या आणि इमारतीचं पाणी बंद झालं. आम्ही बादल्या घेऊन खाली जमलो, तर सुभेदार मुंग्यांकडे कौतुकानं बघत उभे.

"लाइन सोडली न्हाई बघा एकीनं! तुमच्यापेक्षा शिस्त हाय."

"अहो, पण पाणी?" व्यापाऱ्यांनी विचारलं.

"पानी यील की. शिस्त कवा यायची?"

पुढं माझं स्टँडही त्याच खोलीत गेलं. "चला," बायको म्हणाली, "त्याला शेवटी कुणीतरी आत घेतलं."

मागच्या उन्हाळ्यात सुभेदार जिंकले. तळापासून गच्चीपर्यंत पॅसेज मोकळा. ना चप्पल, ना छत्री, ना कुंडी. तीच तपकिरी दारं, त्याच पितळी कड्या. कोणतं घर कुणाचं हे बाहेरून ओळखू येईना, इतकी सुधारणा झाली.

त्याच सुमाराला एका सकाळी काकू दुसऱ्या मजल्यावरच्या आमच्या उघड्या दारातून सरळ आत आल्या. पिशवी ओट्यावर ठेवली, सोफ्यावर बसल्या आणि माझ्या बायकोला म्हणाल्या, "मेथी निवडाय घे गं." मग पेपराआडून डोकावणाऱ्या माझ्याकडे बोट करून, "आन् ह्ये कोण बसलंय?"

बायको क्षणभर गोंधळली. मग म्हणाली, "पाहुणे आहेत."

"मग च्या दिलास का न्हाई?"

लग्नानंतर एवढ्या वर्षांनी मला न मागता दुसरा चहा मिळाला. आम्ही हसलो. चार दिवसांनी त्या पुन्हा आल्या, तेव्हाही हसलो. तिसऱ्यांदा आल्या तेव्हा बायको हसली नाही, हळूच वर जाऊन सुभेदारांना घेऊन आली.

"आगं चल," ते दारातूनच म्हणाले. "आपलं घर वर हाय."

"आपल्याच घरात बसलीया की मी."

"कशावरनं?"

काकूंनी उघड्या दाराबाहेर बोट दाखवलं. "भाईर चपलांचा ढीग हाय का? ढीग न्हाई ते आपलं."

सुभेदारांनी बाहेर पाहिलं. त्यांचा मोकळा पॅसेज लख्ख पडला होता. काकूंनी मजले कधी मोजलेच नव्हते. पसारा असलेली दारं सोडत वर चढायचं आणि स्वच्छ दार आलं की आत शिरायचं, एवढाच त्यांचा हिशेब. आता नवऱ्यानं अख्खी इमारत त्यांच्या घरासारखी करून ठेवली होती.

"डाक्टर म्हनतोय, हळूहळू इसरणार," सुभेदार मला जिन्यात म्हणाले. एवढंच. त्या दिवशी कॉमनचा प्रश्न विचारला नाही.

मग एका संध्याकाळी काकू भाजी आणून परतल्याच नाहीत. व्यापारी स्टेशनकडे धावले, मी मंडईकडे. सापडल्या शेजारच्या इमारतीत. एका बंद फ्लॅटसमोर पायरीवर बसल्या होत्या, पदरात कोथिंबिरीची जुडी सुकलेली. दाराबाहेर काही नव्हतं. त्या इमारतीतही कुणी शिस्तीचा माणूस असावा. "दारच उघडंनात," त्या सुभेदारांना म्हणाल्या, "किती हाका मारल्या तुमास्नी." सुभेदारांनी कोथिंबीर आपल्या हातात घेतली आणि मान खाली घालून त्यांच्यामागून चालू लागले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी गच्चीवर निघालो, तर तिसऱ्या मजल्यावर, सुभेदारांच्या दाराबाहेर, बूट! फौजेतले, काळे, पॉलिश केलेले, टोकं दाराकडे करून ठेवलेले. मला इतका आनंद पदोन्नतीतही झाला नव्हता. मी मोबाइल काढला. इमारतीच्या ग्रुपवर फोटो टाकायचा आणि खाली लिहायचं, 'कॉमन म्हणजे कुणाचं?' कोन साधायला मी भिंतीला चिकटून गुडघ्यावर बसलो.

तेवढ्यात जिन्यात पावलं वाजली. काकू पिशवी घेऊन चढत होत्या. बूट दिसले तशा थबकल्या. पदर सारखा केला, केसांवरून हात फिरवला.

"आलं जणू!" त्या म्हणाल्या आणि सरळ दार ढकलून आत गेल्या.

सुभेदार दाराआड उभेच होते. माझ्याकडे, माझ्या मोबाइलकडे पाहिलं. "गावाकडं सुट्टीवर आलो की बूट दारात ऱ्हायचं," ते म्हणाले. "आळीतनं येताना तिला लांबनंच कळायचं." मग मोबाइलकडे बोट करून म्हणाले, "फोटो टाका, सायेब. नियम मोडलाय मी."

फोटो काही धड आला नव्हता, असं मी आजही सांगतो.

पुढच्या मीटिंगमध्ये मी मोठ्या माणुसकीनं ठराव मांडला. काकूंना घर ओळखता यावं, म्हणून इतरांनी चपला, स्टँड, बॉक्स वगैरे बाहेर ठेवावेत. दया आणि सोय इतकी एकजीव झालेली मी दुसरीकडे पाहिलेली नाही. बेदाणेवाल्यांनी तर गहिवरून अनुमोदन दिलं.

"न्हाई," सुभेदार उठले. "मोडला तो मी एकट्यानं. तुमी न्हाई मोडायचा. शिक्षा लावा मला."

आमच्या नियमांत शिक्षा नव्हती. त्यांनीच स्वतःला लावली. दर रविवारी तिसऱ्या मजल्यापासून फाटकापर्यंत झाडू मारायचा. आम्ही मन मोठं करून संमती दिली आणि रविवारी सकाळी, त्यांच्या झाडूखाली येऊ नये म्हणून, एकेक पाय वर घेऊन उभे राहिलो.

यंदा थंडीत ते गेले. छातीत कळ आली म्हणून चालत दवाखान्यात गेले ते आलेच नाहीत. कडेगावहून मुलगी आली. आईला गावी न्यायचं म्हणाली, तर काकू हलेनात. "ह्यांचं बूट दारात हायती आन् मी कुठं येऊ?" शेवटी मुलगीच इथं राहिली.

सेक्रेटरीपद माझ्या गळ्यात पडलं. नियम तोच आहे, पॅसेज मोकळा ठेवावा. फक्त पंपाच्या खोलीतून मोडक्या पायाचं ते स्टँड मी परत आणलंय आणि घरातल्या सगळ्या चपला त्याच्याभोवती ओतल्यात. सेक्रेटरीच्याच दारात उकिरडा, म्हणून लोक ग्रुपवर माझ्याच दाराचे फोटो टाकतात. चांगले येतात.

रोज सकाळी काकू भाजी घेऊन चढतात, मागून मुलगी. आमच्या मजल्यावर थांबतात. माझ्या ढिगाकडे नाक मुरडून बघतात. मग पायाच्या अंगठ्यानं एक चप्पल सरळ करतात, दुसरी ढकलत तिच्या शेजारी आणतात, मागं सरून बघतात आणि पुढं चढू लागतात.

मी दाराआड उभा असतो. थोड्या वेळानं वरून आवाज येतो, "आलं जणू!" आणि कडी वाजते.