गुंतलेला हात

गोवा राज्य झालं त्या सुमारास मी मयेच्या शाळेत शिकवत होतो. डिचोलीहून रोज एका पायलटाच्या मागे बसून जायचो. भाड्याने मोटरसायकलवरून माणसं नेणाऱ्याला आमच्याकडे पायलट म्हणतात. त्याची गाडी फार जुनी. रेस सोडली की इंजिन बंद पडायचं आणि मग किका मारून मारून घाम निघायचा. त्यामुळे त्याचा उजवा हात मुठीवरून हलत नसे.

वाटेत देवीची घुमटी लागायची. डाव्या हाताने नमस्कार करणं त्याला पटेना. गाडी हळू करून तो म्हणायचा, "म्हजो हात गुंतला, मास्तर. म्हज्या वतीन तुमी नमस्कार करात."

माझं देवाशी फारसं जमत नाही. त्याच्या गाडीला आरसाही नव्हता. तरी मी निमूट हात जोडायचो.

स्टँडवर गिऱ्हाईक नसलं की तो कार्ब्युरेटर उघडून बसे. जेट फुंकून झाला, स्क्रू पिळून झाले, केबल बदलली. शेवटी कार्ब्युरेटर आणि इंजिन यांच्यामधलं पॅकिंग फाटलेलं सापडलं. तिथूनच हवा शिरत होती.

पॅकिंग बदलल्यावर दुसऱ्या दिवशी त्याने घुमटीसमोर गाडी थांबवली आणि मूठ सोडली. इंजिन संथ चालू राहिलं. त्याने दोन्ही हात जोडले, ते सोडीचना. इकडे शाळेची घंटा व्हायला आली होती.

"अरे बाबा, किती वेळ?" मी वैतागून म्हणालो.

"दोन नमस्कार आसले न्हय, मास्तर," तो म्हणाला. "एक म्हजो, एक तुमचो."