मृगातला मेघ आणि सासऱ्यांच्या राशी

मी हवामानाबद्दल आयुष्यात एक शब्दही बोललेलो नाही. तरी बाळकुमात, माझ्या सासुरवाडीत, लोक अजून मलाच अडवून विचारतात, पाऊस कधी?

याला कारण माझी दुर्बीण. ठाण्याच्या कचेरीत कारकुनी करताना तंबाखू सोडून (म्हणजे बायकोसमोर सोडून) मी ती घेतली होती. फाल्गुनात सासुरवाडीला गेलो, तेव्हा ती बरोबर नेली. सासरे मिठागरवाले. खाडीकाठी त्यांच्या मिठाच्या राशी उघड्यावर उभ्या होत्या. साऱ्या मोसमाची मेहनत तीच. जावई आकाशाकडे बघून डोळे मिचकावतो याची त्यांना लाज वाटे. म्हटलं, आज यांना आपली विद्या दाखवायचीच.

दिवेलागणीनंतर खळ्यात दुर्बीण लावली. मृगाच्या तीन ताऱ्यांखाली तो धुरकट उजेड, साक्षात तेजोमेघ! मला राहवेना. ओटीवर बसलेल्या सासऱ्यांना ओरडून सांगितलं, "मामा, मृगात मेघ दिसला, केवढा पसरलाय!"

त्यांची चिलीम तोंडाशीच थांबली. "मंग राशींचा काय, जावयबापू?"

शाळा न पाहिलेला माणूस थेट वृषभ-मिथुनेवर आला! मला गहिवरून आलं. म्हटलं, "राशींना तर अगदी चिकटूनच आहे."

मी जवळपासचे तारकापुंज शोधू लागलो, तोवर सासऱ्यांनी अख्खं गाव मिठागरावर पळवलं होतं. गोठ्यांवरचं गवत उतरवून लोक राशी झाकू लागले. मृग म्हणजे पाऊस, आणि रास म्हणजे मीठ! मी संतापून मागे धावलो. अहो, हा मेघ पावसाचा नाही, हजारो वर्षं तिथेच आहे!

"हजारो वर्सांचा साचलेला?" सासरे म्हणाले. "आजून एक थर टाका रं!"

आणि पेंढ्याचा एक भारा माझ्याही डोक्यावर ठेवला. इंग्रजी शिकलेल्या माणसाच्या! बायकोनं वर ऐकवलं, "अहो, तुम्हाला साधं बोलता येत नाही का?"

पहाटे धो धो पाऊस कोसळला. फाल्गुनात! मीठ कोरडं राहिलं आणि सासऱ्यांनी मला भर गावात मिठी मारली. हा निव्वळ योगायोग आहे, शास्त्राचा अपमान आहे, असं मी कंठशोष करून सांगितलं. लोक हात जोडून हसत राहिले. विद्वान माणूस, मोठेपणा घेत नाही म्हणे!

रागारागानं खळ्यात परतलो. मेघ पहिल्यांदा पाहिला मी, ओरडलो मी, भारे वाहिले मी. आणि त्या पावसात गावात झाकायची राहिलेली वस्तू एकच होती. तिच्या नळीतून मी अर्धा तांब्या पाणी ओतून काढलं.