सुईवालीच्या गाडीची चेन

तिला सगळे सुईवाली म्हणत. उजाडता उजाडता ती कुणाच्या तरी दारात उभी राही, दंडाला रबरी पट्टा बांधी, "मूठ घट्ट करा आणि तिकडे खिडकीकडे बघा," असं म्हणे. माणूस खिडकीत काय आहे ते बघेपर्यंत हिचं रक्त काढून झालेलं असे. नळी थंड डब्यात, डबा गाडीच्या मागच्या सीटला करकचून बांधलेला, की निघाली पुढच्या घरी. ऊन तापायच्या आत सगळ्या नळ्या लॅबमध्ये पोचवायच्या, एवढंच तिचं काम. सांगायला एवढंच, करायला जीव जाई. लिफ्ट बंद, माणूस उपाशी म्हणून चिडलेला, शीर सापडत नाही. आणि हे सगळं हसतमुखाने.

गाडी सासऱ्यांची होती. जुनी, जड, किक मारून सुरू होणारी मोटरसायकल. सासरे बसडेपोत फिटर होते तेव्हा त्यांनी ती घेतली होती. नवरा दूरच्या बंदरावर क्रेन चालवायचा. दोन-तीन महिन्यांनी घरी यायचा, झोप काढायचा आणि जायचा. गाडी अंगणात उभी, चालवायला कोणी नाही, आणि तिच्या कामाच्या वेळी बस सुटलेली नसायची. शेवटी सासऱ्यांनीच तिला मागच्या मैदानात गाडी शिकवली. "ही पडली तर उचलायला मला बोलावू नकोस," असं आधीच बजावून.

गेले काही दिवस चेन खडखडत होती. मागच्या चाकाजवळ चेनला ताण देणारे दोन छोटे बोल्ट असतात, ते गंजून बसले होते. ताण देता येत नव्हता, चेन झोळीसारखी लोंबत होती. शिवाय चेनची दोन टोकं जोडणारं लॉक झिजलं होतं. गॅरेजवाला म्हणाला, "ताई, गाडी दोन दिवस ठेवून जा." दोन दिवस गाडी ठेवली तर रक्त काय पायी गोळा करणार? ती लॉक आणि बोल्ट विकत घेऊन घरी आली आणि पुडी टेबलावर ठेवली.

सासऱ्यांनी पुडी उघडून पाहिली. "गॅरेजवाल्याला कशाला विचारत होतीस? मी मेलोय का?"

"बाबा, तुमच्या डोळ्याचं ऑपरेशन व्हायचंय अजून."

"एकाचं झालंय ना. बोल्ट पिळायला दोन डोळे कशाला लागतात?"

रविवारी दुपारी दोघं जिन्याखालच्या बोळकंडीत बसली. तिला खरं तर पडायचं होतं. आठवड्यातली तेवढी एकच दुपार तिची. पण म्हातारा सकाळपासून पाने-पकडी फडक्यावर मांडून बसला होता. त्याला नाही म्हणण्यापेक्षा काम उरकणं सोपं होतं.

बोल्टांनी अंत पाहिला. रॉकेल घालून, ठोकून, पुन्हा रॉकेल घालून एक निघाला. दुसऱ्याचं डोकं गोल होऊन गेलं. सासऱ्यांनी त्याला पकड लावून, शिव्या घालत, गोंजारत, शेवटी बाहेर काढलाच. त्यांच्या कपाळावर घाम होता, पण चेहरा उजळला होता. "डेपोत निम्म्या लोकांच्या गाड्यांच्या चेना मी बसवल्यात," ते म्हणाले. "सुट्टी झाली की रांग लागायची."

मग लॉक. चेनचा जोड नेमका खालच्या बाजूला येऊन थांबला होता. तिने चेनची दोन्ही टोकं धरून ठेवली. सासऱ्यांनी कडी घातली, वर पट्टी बसवली, आणि तिच्यावर ती छोटी, मासोळीसारखी क्लिप बसवू लागले. क्लिप दोनदा उडाली, दोनदा तिने फरशीवर चाचपून शोधली.

"बाबा, चाक फिरवून जोड वर घेऊ या का? नीट दिसेल तुम्हाला."

"वाकलोच आहे तर इथेच बसवतो. पुन्हा उठबस नको. तू फक्त लक्षात ठेव, क्लिपचं बंद तोंड पुढच्या चाकाकडे, उघडं मागच्या. हे चुकलं की क्लिप निघते आणि चेन जाते."

टक् असा आवाज आला. बसली. ते भिंतीला टेकून बराच वेळ तसेच बसून राहिले, आणि तिने अवजारं पुसून ठेवली. चेन आता गुपचूप फिरत होती.

मंगळवारी पाण्याच्या टाकीजवळच्या उतारावर चेन गेली. आधी खाड असा आवाज, मग चेन गोळा होऊन मागचं चाक अडकलं आणि गाडी आडवी फरफटली. ती कशीबशी पायांवर उभी राहिली, पण डब्याचा पट्टा तुटला. डबा रस्त्यावर आपटला, झाकण उडालं, बर्फ सांडला. काही नळ्या फुटल्या. उरलेल्या तिने वेचून घेतल्या, त्या लॅबवाल्याने घेतल्या नसत्याच हे ठाऊक असूनही. अडकलेली चेन तिने हाताने ओढून काढली. मग जड गाडी ढकलत ती पंक्चरवाल्याच्या टपरीपर्यंत गेली.

पंक्चरवाल्याने चेन हातात धरून पाहिली. "नवीन लॉक होतं?"

"परवाच घातलं."

"क्लिपचं बंद तोंड कुठे होतं?"

"पुढच्या चाकाकडे."

"जोड वर होता की खाली?"

"खाली."

"मग बरोबर आहे," तो म्हणाला. "म्हणजे चुकलं. वरची चेन पुढे पळते, खालची मागे. खाली बसवायचं तर तोंड मागे हवं. कुणीतरी अर्धं शिकलेलं दिसतंय."

त्याने दुसरं लॉक घातलं आणि ती आली त्याच वाटेने परत निघाली, त्याच घरांत, त्याच माणसांना पुन्हा सुई टोचायला. एक बाई चांगलीच बोलली. आता कुठे चहा घेतला, आता पुन्हा उद्या उपाशी राहू का, म्हणाली. तिसऱ्या मजल्यावरच्या आजोबांनी मात्र काही न विचारता दुसरा हात पुढे केला. त्या हाताची शीर आणखी बारीक होती. तिला तीन वेळा टोचावं लागलं, आणि प्रत्येक वेळी ते "असू दे, असू दे" म्हणत राहिले. ते ऐकवेना.

घरी आली तेव्हा जेवणाची वेळ टळून गेली होती. सासरे दारातच होते. "उशीर?"

"चेन गेली."

"कशाने?"

खरं सांगायला हरकत नव्हती. पण खरं सांगितलं की त्यामागून सगळं येणार: ते कसं झालं म्हणतील, ती समजावेल, ते गप्प होतील, मग त्यांना समजवायचं. तेवढं अंगात उरलं नव्हतं. "लॉकच कच्चं निघालं," ती म्हणाली. "हल्लीचा माल." आणि चपला न काढताच पलंगावर आडवी झाली.

जाग आली तेव्हा घरात कोणी नव्हतं. काठी नव्हती, टोपी नव्हती. तिला कळायला वेळ लागला नाही. म्हातारा भांडायला गेला होता, ज्याने लॉक विकलं त्या दुकानदाराशी. उठून मागे जावं असं मनात आलं. पाय उचलले गेले नाहीत.

ते परत आले. काठी कोपऱ्यात ठेवून सरळ गाडीपाशी गेले. तिने खिडकीतून पाहिलं. ते खाली बसले, हाताने चाक हळूहळू फिरवत राहिले, नवीन लॉक खालून वर येईपर्यंत. मग पुन्हा खाली नेलं, तसं क्लिपचं बंद तोंड मागच्या बाजूला गेलं. पुन्हा वर आणलं.

रात्री ताटावर बसल्यावर म्हणाले, "मी उलटं बसवलं होतं ना?"

"हो."

"मग सांगायचं. मी त्या बिचाऱ्याला चार लोकांत वाट्टेल ते बोललो. तो म्हणाला, तुटलेलं दाखवा, बदलून देतो. दाखवू काय?"

"दमले होते मी, बाबा. सांगितलं असतं तर बोलत बसावं लागलं असतं."

त्यांनी मान हलवली. हे त्यांना पटलं असावं. वर्षानुवर्षं डेपोतून येऊन तेही भिंतीकडे तोंड करून झोपत. थोड्या वेळाने म्हणाले, "लागलं नाही ना तुला?"

"नाही. नळ्या फुटल्या."

"नळ्यांचं जाऊ दे."

दुसऱ्या दिवशी कामावरून आल्यावर तिने त्यांना गाडीवर मागे बसवून दुकानात नेलं. डबा असे तिथे ते बसले, तिच्या खांद्याला घट्ट धरून. दुकानदार कुणाला तरी तेलाचा डबा देत होता. सासऱ्यांनी चूक कबूल केली, नीट, एकेक शब्द. दुकानदार म्हणाला, "काका, मी विसरलोही. दिवसातून दहा जण ओरडतात." सासऱ्यांना हे जास्त लागलं असं तिला वाटलं.

पुढच्या रविवारी त्यांनी पुन्हा फडकं पसरलं. या वेळी स्वतः स्टुलावर बसले आणि दोन्ही हात मांड्यांखाली घातले. "काढ लॉक. आता बसव. वर. आता चाक फिरव, जोड खाली घे, आणि सांग तोंड कुठे." तिने सांगितलं. त्यांनी पुन्हा काढायला लावलं.

"बाबा, जमलं की."

"जमलंय. पण तू झोपेत असताना हातांना जमायला पाहिजे. तू रोज झोपेतच असतेस."

ती हसली, आणि हसतानाच तिला रडू यायला लागलं, कारण हे खरं होतं. घरातलं आणखी एक काम आजपासून तिच्याकडे आलं होतं. सासऱ्यांच्या हातचं एक काम कमी झालं होतं. दोघांपैकी कुणालाच ते नको होतं. त्यांनी तिच्याकडे पाहिलं नाही. फडक्यावरचे पाने एकेक करून उचलले, लहान-मोठे लावले, आणि फडक्याची गाठ मारून पुडकं तिच्या बाजूला सरकवलं.

"जा, पड जरा," ते म्हणाले. "कुणी आलं तर सांगतो, घरात नाही."

ती हात न धुताच आत गेली आणि भिंतीकडे तोंड करून झोपली.