दोरीला बांधलेली वही

शुक्रवार, ७ नोव्हेंबर २०१४. समुद्रकाठच्या एका छोट्या लॉजमध्ये दोन रात्रींचं भाडं, सकाळचा नाश्ता धरून, रोख ४,६४५ मोजून झाले. पावती हातात पडली तेव्हा भट्टीवाल्याच्या बायकोने आधी पावतीकडे पाहिलं, मग नवऱ्याकडे, आणि तिच्या मनात पाल चुकचुकली. लग्नाला सव्वीस वर्षं झाली होती. एवढ्या वर्षांत या माणसाने तिला स्वतःहून बाहेरचा चहासुद्धा पाजला नव्हता.

"अहो, खरं सांगा. काय झालंय?"

"काय व्हायचंय? दोन दिवस आराम."

"आराम," असं म्हणून तिने बॅग उचलली आणि जिना चढायला लागली.

भट्टीवाला पावाच्या कारखान्यात रात्रपाळीला होता. चोवीस वर्षं एकच पाळी, एकच भट्टी. रात्री आठला तो घर सोडायचा आणि सकाळी सातला परत यायचा. बायको शाळेचे गणवेश शिवणाऱ्या कारखान्यात मशीनवर बसायची. ती साडेसातला निघायची आणि संध्याकाळी साडेसहाला उगवायची. त्याची साप्ताहिक सुट्टी मंगळवारी, पण त्या रात्रीही तो जादा पैशांसाठी भट्टीवरच जायचा; तिची रविवारी. म्हणजे सकाळी अर्धा तास आणि संध्याकाळी दीड तास एवढाच त्यांचा संसार, आणि त्यातही एकाची आंघोळ आणि दुसरीची फोडणी.

बाकीचा संसार वहीत चालायचा. स्वयंपाकघरात फळीजवळ एक खिळा होता. त्याला दोरीने बांधलेली शंभर पानी वही आणि तिच्या पोटात पेन्सिल. 'पाणी दोनला येणार, पिंप भरा.' 'भरलं. नळवाला येऊन गेला, वायसर बदलला.' मुलीचं लग्नसुद्धा याच वहीत ठरलं. बायकोने लिहिलं होतं, 'मुलगा बरा वाटतो. तुमचं काय?' खाली याने लिहिलं होतं, 'पगार विचारला का?' भरलेल्या तीस वह्या ट्रंकेत होत्या. भांडणंही त्यातच होती. वहीतल्या भांडणाला आवाज नसतो, त्यामुळे शेजाऱ्यांना हे जोडपं फार गुणाचं वाटायचं.

मागच्या आठवड्यात सुपरवायझरने त्याला बोलावून सांगितलं की नवीन यंत्र येतंय, इथली रात्रपाळी बंद. एक तारखेपासून इथेच दिवसपाळी घ्या, नाहीतर नदीपलीकडच्या कारखान्यात रात्रपाळी घ्या, वर भत्ता मिळेल. उत्तर सोमवारी हवं.

बाकीच्यांनी त्याची पाठ थोपटली. "सुटलास रे घुबडा, आता माणसांत ये." तो मात्र चक्रावून गेला. रात्री आपण घरात असलेलं बायकोला आवडेल का, हेच त्याला ठाऊक नव्हतं. चोवीस वर्षं ती घरात एकटी झोपत आली होती. वहीत विचारावं म्हणून तीनदा लिहिलं आणि तीनदा खोडलं. चौथ्यांदा कागद फाटला. शेवटी त्याला कामातली रीत आठवली. नवीन पीठ आलं की सगळी भट्टी लावायची नाही, आधी एक ट्रे भाजून बघायचा. दोन रात्री एका खोलीत काढून बघायच्या. ट्रे भाजताना पिठाला कोणी सांगत नाही, म्हणून त्यानेही बायकोला सांगितलं नाही.

पहिली रात्र चटकन उरकली. दहाला बायको आडवी झाली आणि पाच मिनिटांत झोपली. आडवी म्हणजे अक्षरशः आडवी, डोकं एका कोपऱ्यात आणि पाय समोरच्या. भट्टीवाला पलंगाभोवती दोनदा फिरला. जेवणाचा डबा ठेवता येईल एवढी जागा उशाशी शिल्लक होती. तो वेताच्या खुर्चीत बसला. झोप येण्याचा तसाही प्रश्न नव्हता. त्याच्या अंगाच्या हिशोबाने कामाची वेळ आता सुरू होत होती.

पहाटे तिने डोळे उघडले तर नवरा खुर्चीत, एकटक तिच्याकडे बघत.

"बरं वाटत नाही का?"

"छान वाटतंय."

"मग बसलात का असे?"

"असंच."

नक्कीच डॉक्टरांनी काहीतरी सांगितलंय, हे तिने तेव्हा ठरवूनच टाकलं.

नाश्त्याला पाव आणि अंडी आली. भट्टीवाल्याने पाव उलटा केला, बुडाला टिचकी मारली आणि तोंड वाकडं केलं. "खालून जास्त भाजलाय. कोण गाढव आहे भट्टीवर?"

लॉजची मालकीण जवळच उभी होती. "काका, पाव आमचा नाही. विकतचा आहे," म्हणून तिने आतून पिशवी आणून दाखवली. पिशवीवर त्याच्याच कारखान्याचं नाव होतं. तारीख गुरुवारची होती आणि शिक्का रात्रपाळीचा.

बायकोने तोंडाला पदर लावला. "बघा हं, सापडला गाढव."

त्या दोन दिवसांत ती पहिल्यांदा हसली, आणि भट्टीवाल्याला बरं वाटलं. मग ते किनाऱ्यावरच्या बाकावर जाऊन बसले.

"समुद्र मोठा आहे," तो म्हणाला.

"हो."

"पाणीही बरंच आहे."

"पिंप आणायला हवं होतं," ती म्हणाली.

नऊ वाजले आणि त्याची मान तिच्या खांद्यावर पडली. तासभर ती हलली नाही. हाताला मुंग्या आल्या तेव्हा तिने त्याला उठवलं. "वर जाऊन झोपा. मी बसते इथे."

तो अर्धवट झोपेत निघाला. जेवणाच्या खोलीत दाराशी भिंतीला खिळा होता आणि खिळ्याला दोरीने बांधलेली वही, तिच्यात पेन्सिल. हे बघितल्यावर त्याचा हात आपोआप गेला. वरचा पुठ्ठा त्याने वाचलाच नाही. घरी तीनदा खोडलेलं ते इथे एका दमात उतरलं: 'झोपायला जातोय. चारला उठेन. आपली रात्रपाळी बंद होतेय. दिवसपाळी घेऊ की पलीकडे रात्रपाळी? सोमवारी सांगायचंय. तुला काय वाटतं ते लिही.' लिहून तो वर गेला आणि लाकडासारखा झोपला.

चारला खाली येऊन त्याने वही उघडली. त्याच्या मजकुराखाली बायकोचं अक्षर होतं. 'आधी डॉक्टर काय म्हणाले ते सांगा. रात्रभर खुर्चीत का बसलात?' त्याखाली निळ्या शाईत अनोळखी अक्षर. 'दिवसपाळी घ्या. जागरणाने माझ्या भावाला पित्त झालं. खोली नंबर तीन.' आणि सगळ्यात खाली, 'काका, ही वही पाहुण्यांच्या अभिप्रायाची आहे. पण ताईंना उत्तर द्या, त्या जेवल्या नाहीत. मालकीण.'

त्याने वही मिटून पुठ्ठा बघितला. खरंच, ठळक अक्षरांत 'अभिप्राय' लिहिलेलं होतं. त्याला कानकोंडं झालं, पण बायको जेवली नाही हे जास्त महत्त्वाचं होतं. ती बाहेर पायरीवर बसली होती, वीस पावलांवर. तो उभ्या उभ्या लिहू लागला. 'डॉक्टरकडे गेलोच नाही. तू आडवी झोपतेस. पलंगावर जागा नव्हती.' मग बाहेर जाऊन तो तिला म्हणाला, "वहीत लिहिलंय."

ती आत गेली, तिने वाचलं आणि तिचा जीव भांड्यात पडला. ताट मागवून ती जेवली आणि जेवता जेवता डाव्या हाताने वही ओढून लिहीत राहिली. 'पाणी दोनला येतं, कोण भरणार? सिलिंडरवाला बाराला येतो, दार कोण उघडणार? तुम्ही दिवसा नसाल तर घर कोण बघणार?'

त्याने हे वाचलं. तीन प्रश्न, म्हणजे तीन नकार, असा त्याने हिशोब केला आणि मुकाट्याने लिहिलं, 'बरं. मग रात्रपाळी घेतो. भत्ताही आहे.'

ते वाचून तिने ताट सरकवलं आणि ती किनाऱ्याकडे चालू लागली.

भट्टीवाल्याच्या डोक्यात काही शिरेना. तिला हवं होतं तेच तर त्याने लिहिलं होतं. तीन नंबरच्या खोलीतले काका-काकू चहाचे कप घेऊन शेजारच्या टेबलावर बसले होते. सकाळपासून वही ते दोघंही वाचत होते आणि ते लपवायची गरज त्यांना वाटत नव्हती.

"अहो, ती कुठे नको म्हणाली?" काकू म्हणाल्या.

"तीन अडचणी लिहिल्यात."

"विचारलंय तिने. कसं जमवायचं ते विचारलंय. आणि आता पेन्सिल इथेच ठेवा. तोंडाने विचारा जाऊन."

तो गेला. बाकावर तिच्यापासून हातभर अंतर ठेवून बसला.

"रात्री मी घरात असलेला तुला चालेल का?"

"चालेल का म्हणजे? भाडेकरू आहात?"

"नाही, पण पलंगावर..."

"पलंगाचं सोडा. मी झोपल्यावर कशी असते ते मला कसं कळणार? सांगायला कोण होतं?" ती वाळूकडे बघत राहिली. "मुलगी वर्षाची असल्यापासून मी दाराला कडी लावते, साखळी लावते आणि वर जेवायच्या टेबलाची खुर्ची टेकवते. मग मला झोप लागते. पहाटे उठून खुर्ची जागेवर ठेवते, तुम्ही यायच्या आत."

भट्टीवाल्याला ती खुर्ची आठवली. त्या खुर्चीचा मागचा पाय दरवर्षी सैल होतो आणि तो दरवर्षी खिळा मारतो. का सैल होतो हे त्याने कधी विचारलं नव्हतं.

"वहीत कधी लिहिलं नाहीस."

"लिहून काय झालं असतं? तुम्ही भट्टीसमोर. पाव जळले असते फक्त."

"म्हणजे मी दिवसपाळी घेऊ?"

"मी काय सांगतेय मगापासून?" ती उठली आणि लॉजकडे निघाली. तिने नेमकं काय सांगितलं, ते त्याला तेव्हाही कळलं नव्हतं.

दुसऱ्या रात्री तिने पलंगाच्या मधोमध चादरीची वळकटी ठेवली. पहाटे वळकटी जमिनीवर होती आणि बायको पुन्हा आडवी. तो कडेला लटकलेला होता, पण दोन ते पाच झोपला होता. ट्रे अर्धा भाजला, असं त्याने धरलं.

रविवारी निघायच्या आधी ती खाली गेली आणि वहीत एक ओळ लिहून आली. 'खुर्ची टेबलाशीच राहू दे आता.' त्याने ती दोनदा वाचली, आणि बायकोची पाठ वळल्यावर वही तीन नंबरच्या काकूंपुढे धरली. "हे हो आहे ना?"

"हो आहे," काकू म्हणाल्या. "फार मोठा हो आहे."

मालकीणबाईंनी पानं मोजली. दोघांच्या लिहिण्याने चार पानं भरली होती. "काका, ही वही आता मी पाहुण्यांसमोर कशी ठेवू? तुम्हीच घेऊन जा. नवी पस्तीसला मिळते."

त्याने खिसे तपासले. दोघांचं बसभाडं आणि वर वीस. तो ओशाळला.

"राहू द्या, पुढच्या वेळी द्या," मालकीण म्हणाली.

सोमवारी त्याने सुपरवायझरला दिवसपाळी सांगितली. सिलिंडरचं मात्र अजून ठरलेलं नाही. बाराला दार कोण उघडणार हा प्रश्न घरातल्या बत्तिसाव्या वहीत रोज नव्याने लिहिला जातो, आता दोघं समोरासमोर बसलेले असतात तरी. या वहीची पहिली पानं परक्यांची आहेत: 'खोल्या स्वच्छ. समुद्र जवळ. टॉवेल पातळ.' पलंगावर त्याला निम्मी जागा मिळते, कधी कमी. त्या खुर्चीचा पाय यंदा सैल झालेला नाही.

लॉजच्या मालकिणीचे वहीचे पस्तीस द्यायचे राहिले आहेत.