उसना पंप

यवतच्या गॅरेजात माझ्या टायरचं पंक्चर निघत होतं. शेजारी एक जुनी, काळी, परदेशी बनावटीची आलिशान गाडी उभी होती. तिचे मालक साठीतले होते. उपरण्याच्या टोकाने बॉनेट पुसता पुसता ते गाडीला हळू आवाजात समजावत होते. संध्याकाळी पुतणीचं लग्न होतं. नवरदेवाला मारुतीच्या देवळात याच गाडीतून नेण्याचा शब्द त्यांनी दिला होता आणि गाडी सुरू होत नव्हती.

मेकॅनिकने ड्रायव्हरला किल्ली फिरवायला लावली आणि मागच्या सीटला कान लावला; पंप तिच्याच खाली होता, पण त्याची घरघर येत नव्हती. "आप्पा, डिझेलचा पंप गेलाय. नवा पुण्यातबी न्हाई. मागवला तर पंधरा दिवस."

"तवर नवरदेव काय रिक्षात बसवू?"

आप्पांनी जवळच्या खुटबाव गावात फोन लावला. तिथल्या एका ओळखीच्या गृहस्थांची अशीच गाडी इंजिन गेल्यामुळे गोठ्यात पडून होती. "पाव्हणं, पंप उसना द्या. लग्न झालं की आणून देतो." शेजारी साखर मागावी तितक्या सहज त्यांनी मागितला.

तासाभरात पाव्हणे टॉवेलात पंप गुंडाळून मोटरसायकलवर आले. डोक्याला फेटा होता.

"आवं, तुम्ही कशाला तरास घेतला?"

"आमच्या गाडीचा पंप वरातीत चाललाय. मालक नको व्हय संगं?"

पंप बसला, गाडी सुरू झाली. आप्पांनी पाव्हण्यांना ड्रायव्हरशेजारी बसवलं आणि त्यांच्या मोटरसायकलची किल्ली मागितली.

"आन् तुम्ही?"

"मी मागनं येतो," आप्पा हसत म्हणाले. "बंद पडली तर ढकलाय कुणीतरी भाईर पायजे की!"