आमच्या खोलीचं आधुनिकीकरण

'आधुनिक' हा शब्द कुणी उच्चारला की माझं डोकं आजही सणकतं. घरातले हसतात. हसू देत.

पन्नासच्या दशकात बंगळूरला नोकरीला आलो तेव्हा मी पक्का पुणेरी होतो. एका सरकारी कारखान्याच्या ड्रॉइंग ऑफिसात काम आणि मल्लेश्वरमला एका घरामागची खोली. खोलीत माझ्याआधीपासून एक जण राहत होता, आमच्याच कारखान्याच्या स्टोअरमधला. निपाणीकडचा. मराठीच बोलायचा, पण 'पण'च्या जागी 'खरं' म्हणायचा, मध्येच एखादं कानडी 'स्वल्प' टाकायचा, आणि पहिल्या दिवसापासून मला 'मर्दा' म्हणून हाक मारायचा. मी अंथरूण भिंतीला समांतर घालणारा माणूस. त्याच्याकडे गावाहून कुणी ना कुणी दवाखान्यासाठी नाहीतर कोर्टकचेरीसाठी आलेलं असायचं आणि ते माझ्या टेबलाखाली झोपलेलं असायचं. भांडणांना तोटा नव्हता.

तीच भांडणं आम्ही स्टेजवर नेली. इथली मराठी मंडळी महिन्यातून एकदा एका शाळेच्या हॉलमध्ये जमायची, त्यात आमचा एक छोटा प्रवेश असे. लिहिलेलं काही नाही, तालीम नाही. नियम एकच, त्या महिन्यात खोलीतल्या भांडणात जो हरला असेल त्याने गोष्ट सांगायला सुरुवात करायची. बहुतेक वेळा मीच सुरुवात करायचो. एकदा त्याच्या पाहुण्यांना वैतागून मी खोलीच्या मधोमध दोरी बांधली, इकडे मी, तिकडे तू. संध्याकाळी येऊन बघतो तर दोरीवर पाहुण्यांची धोतरं, शेजाऱ्यांचे परकर, आणि घरमालकीण अज्जी मला कन्नडमधून आशीर्वाद देतेय की पोरानं पावसापाण्यात केवढी सोय केली. हे मी स्टेजवर तावातावाने सांगत होतो आणि तो तोंडातून अक्षर न काढता एकेक धोतर माझ्या नाकासमोर वाळत घालत होता. लोक हसून बेजार झाले. ते मला हसत होते.

पुढे दोघांची लग्नं झाली, बिऱ्हाडं वेगळी झाली, प्रवेश बंद पडले. तो के. आर. पुरमकडे राहायला गेला, तरी येणंजाणं कायम राहिलं. त्याची मुलगी त्या प्रवेशांच्या गोष्टी ऐकतच मोठी झाली. आप्पा नाटकात होते, सगळा हॉल जिंकायचे, असं शाळेत सांगायची.

साठच्या दशकात इथल्या मराठी मंडळात नवी माणसं आली. त्यांचा कार्यवाह टेरिलिनचा शर्ट घालून माझ्या घरी आला. "तुमचे ते प्रवेश आम्ही पुन्हा बसवतोय. आजच्या प्रेक्षकांसाठी, आधुनिक स्वरूपात." काय बदललंय विचारलं तर म्हणे स्टेजवरच बघा. आम्ही दोघं खुशीत. त्याने मुलीला नवा फ्रॉक शिवला. "तुझा बाप काय होता ते बघ आता," असं तिला सांगताना मी माझ्या कानांनी ऐकलं. स्वतःसाठी त्याला काही नको होतं. मुलीने एकदा बघावं, एवढंच.

पडदा उघडला. खोली कुठली, फ्लॅट होता. सोफा, रेडिओग्राम, टेलिफोन. त्यात दोन तरुण इंजिनियर, दोघंही माझ्यासारखं बोलणारे, एक नीटनेटका आणि एक गबाळा. मग खांद्यावर फडकं टाकून स्वयंपाकी आला. तो 'खरं' म्हणाला, 'मर्दा' म्हणाला, आणि हॉलमध्ये हास्याचा स्फोट झाला. ती बोली निपाणीची नव्हती, बेळगावची नव्हती. पुण्याच्या कुणा पोराने नाकातून काढलेलं काहीतरी होतं ते. तो चहा सांडायचा, टेलिफोन उलटा धरायचा, शिव्या खायचा, आणि लोक टाळ्या पिटत होते.

मुलगीही खदखदून हसत होती. मध्येच तिने विचारलं, "आप्पा, यात तुम्ही कोणते?"

"यायचाय अजून," तो म्हणाला.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी उठणार तोच त्याने मनगट धरून मला खाली बसवलं. मुलगी शेवटपर्यंत विंगेकडे बघत राहिली.

पडदा पडल्यावर कार्यवाह पुढे आला आणि म्हणाला की ज्यांच्यावरून हे सुचलं ते दोघेही आज हजर आहेत. आधी मला उभं केलं, आपले मूळ इंजिनियरसाहेब म्हणून. मग माझ्या मित्राकडे हात करून म्हणाला, "आणि हे आपल्या लाडक्या स्वयंपाक्याचे मूळपुरुष." तो उभा राहिला, हात जोडले, हसलासुद्धा. मुलगी टाळ्या वाजवत होती. तिचे हात तिथेच थांबले.

मी विंगेत जाऊन कार्यवाहाला गाठलं. "तो माझ्याबरोबर राहायचा. त्याला स्वयंपाकी कुणी केला?"

"अहो, आजच्या प्रेक्षकाला पटायला हवं ना. इंजिनियर माणूस अशा माणसाबरोबर एका खोलीत राहील का?"

"अशा म्हणजे कशा?"

"म्हणजे ते बोलणं वगैरे. लोक पूर्वीही त्यालाच हसायचे ना?"

पूर्वीही त्यालाच. या शहाण्याने आमचा एकही प्रवेश पाहिलेला नव्हता. पुण्याचा आणि निपाणीचा असे दोघं स्टेजवर आले, लोक हसले, म्हणजे कुणाला हसले हे विचारायचीसुद्धा त्याला गरज वाटली नाही. त्यानंतर मी जे बोललो ते इथे लिहिण्यासारखं नाही, आणि त्यातला एक शब्दही मी मागे घेत नाही. मंडळाची पायरी पुन्हा चढलो नाही. पण माझ्या आरडाओरड्याने काय झालं? काडीचं काही झालं नाही.

दिवाळीत तो मुलीला घेऊन फराळाला आला. दारातच म्हणाला, "नमस्कार. कसे आहात आपण?" चेष्टा करतोय समजून मी हसलो. तो हसला नाही. बायकोने चहाचं विचारलं तर म्हणाला, "नको वहिनी, आम्ही आत्ताच घेऊन निघालो." सगळं असंच, शुद्ध, जपून, मध्येच थांबून शब्द शोधत. इतकी वर्षं एका खोलीत काढलेल्या मला तो 'आपण' म्हणत होता. आणि एकेक वाक्य पुरं झालं की शेजारी बसलेल्या मुलीकडे बघत होता, बरोबर आलं का म्हणून.