झाडाला टांगलेले निरोप

नवरा म्हणाला, "ब्लॉक कर आणि विषय संपव." पण मावशीला ब्लॉक कसं करायचं?

गेले पाच महिने रोज सकाळी सव्वासातला माझ्या फोनवर एक कमळ येत होतं. खाली ओळ ठरलेली: "जय भीम बेटा. मी बरी आहो. तू कशी?" पाठवणारी सुगंधामावशी, माझ्या आईची मोठी बहीण. गोंदिया जिल्ह्यात केशोरीच्या पुढे एका टोल्यावर, म्हणजे लहानशा वस्तीवर, एकटी राहते. तिने मला जन्मात कधी बेटा म्हटलेलं नाही, ती मला वैशे म्हणते. आणि तिला लिहिता येतं ते फक्त सहीपुरतं. मग ही बेटा म्हणणारी कोण?

आई जुलैमध्ये गेली, इथे नाशिकला, आमच्याकडे असताना. चार दिवसांच्या तापाचं निमित्त झालं. दवाखान्यात नेलं तेव्हा मी मावशीला निरोप टाकला, गेली तेव्हाही टाकला. दोन्हींवर दोन-दोन टिका आल्या, म्हणजे निरोप पोहोचला. त्या दिवशी सात वेळा फोनही लावला. सातही वेळा पूर्ण घंटी वाजली आणि कोणी उचलला नाही. मावशी आली नाही. पुण्यानुमोदनाच्या दिवशी संध्याकाळी पाहुणे गेल्यावर मी रागाच्या भरात तिला आणखी एक निरोप लिहिला. काय लिहिलं ते पुढे सांगते, आत्ता सांगायची लाज वाटते. त्या निरोपाच्या टिका मात्र लगेच निळ्या झाल्या. उत्तर नाही आलं. दुसऱ्या सकाळी पहिलं कमळ आलं.

म्हणजे एक तर मावशीचं काळीज दगडाचं होतं, किंवा तिचा फोन भलत्याच माणसाच्या हातात होता आणि तो मला हळूहळू घोळात घेत होता. यातलं खरं काय, हे मला डोळ्यांनी बघायचं होतं. माझा स्वभाव मुळात संशयी. बाटलीबंद पाण्याचं झाकणही मी दोनदा तपासते. डिसेंबरात चार दिवसांची रजा टाकली आणि निघाले.

नाशिकहून गोंदियाला थेट गाडी आहे. सकाळी उतरले, कचोरी-जिलेबी खाल्ली. अर्जुनी मोरगावची पॅसेंजर दुपारची होती, म्हणून मधल्या वेळात नागऱ्याचं जुनं शिवमंदिर बघायला रिक्षा केली. नकाशात दाखवलेला रस्ता सोडून रिक्षावाल्याने गाडी भलत्याच गल्लीत घातली. मी लगेच फोन पुढे केला, "भैया, ये तो लेफ्ट बोल रहा है."

"बोलने दो उसको," तो म्हणाला. "उधर चार दिन से नाली खुदी है. उसको किसने बताया?"

नाली खरंच खोदलेली होती. येताना त्याने मुद्दाम त्या रस्त्याच्या तोंडावरून नेऊन दाखवली. मंदिर पाहण्यासारखं आहे, दगड गार आणि शांत. पण खरं सांगते, निम्मा वेळ मी फोनमधूनच बघत होते. उरलेला निम्मा वेळ रिक्षावाला सामान घेऊन पळाला तर नाही ना, हे बघण्यात गेला. तो झाडाखाली मस्त झोपला होता.

पॅसेंजरचं तिकीट अगदी स्वस्त आहे, आणि या प्रवासात करण्यासारखी एखादी गोष्ट असेल तर ही. सौंदडनंतर जंगल जवळ येतं. मधूनच तलाव दिसतात, धान कापून रिकाम्या झालेल्या बांध्या, म्हणजे भाताची खाचरं दिसतात, त्यांत लाखोरीच्या डाळीच्या पिकाचा हिरवा पोपटी थर. नवेगावबांधला पक्षी बघायला जाणारी मंडळी याच भागात येतात. शेजारच्या बाईंनी मला बोरं दिली. मी ती पिशवीत ठेवली, खाल्ली नाहीत. अर्जुनीला रात्रीपुरती साधी, स्वच्छ खोली मिळाली. दाराला आतून खुर्ची लावून झोपले.

सकाळच्या एसटीने केशोरी. तुम्ही जाणार असाल तर दोन गोष्टी ध्यानात ठेवा. रोख पैसे जवळ ठेवा आणि परतीच्या एसटीची वेळ कंडक्टरलाच विचारा. केशोरी मोठं गाव आहे, तिथे फोन चालतो. तिथून सहा आसनी ऑटोने पुढे निघालात की नेटवर्कची एकेक दांडी कमी होत जाते. टोल्याच्या फाट्यावर उतरले तेव्हा एकही उरली नव्हती. माझं तिकीट, नकाशा, पैसे, घड्याळ, नवऱ्याचा नंबर, सगळं त्या फोनमध्ये. नवऱ्याचा नंबर तोंडपाठ नाही, हे मला तिथे उभं राहिल्यावर कळलं.

समोर तलावाची उंच पाळ होती. पलीकडे टोल्यावरची कौलं दिसत होती. पाळीवर चढले आणि फोनला अचानक तीन दांड्या आल्या. मनात आलं, सरळ घरी गेले तर चोर सावध होईल. आधी इथूनच मावशीला फोन लावू, कोण उचलतं ते बघू. लावला.

घंटी माझ्या डोक्यावर वाजली.

वर बघितलं तर मोहाचं जुनं झाड, आणि त्याच्या खालच्या फांदीला खताच्या पोत्याची शिवलेली एक थैली टांगलेली. आवाज त्यातून येत होता. टाचा उंचावून मी थैलीत डोकावले. आत दहा-बारा फोन. प्रत्येकाला वेगळ्या रंगाची चिंधी बांधलेली. निळ्या चिंधीचा फोन उजळला होता. सगळ्या टोल्याचे फोन चोरून कोणी इथे लपवले की काय! मी हात घातला.

"ओ बाई! हात नका लावू!"

पाळीखालच्या झोपडीतून एक साठीचा माणूस हातात जाळं घेऊन धावत वर आला. "लोकायचे निरोप आहेत त्याच्यात. कोन तुमी? टावर कंपनीच्या का?"

"तुम्ही कोण? माझ्या मावशीचा फोन तुमच्याकडे कसा?"

"टोल्यावर टावर येत नाही, कोनाकडं ठेवन मानूस? घरी ठेवला तं डब्बा. इथं टांगला का निरोप पडते. संध्याकारी वावरातून येताना ज्याचा त्यानं पाहते. ज्याले वाचता नाही येत, त्याले मी वाचून देतो." एवढं बोलून त्याने माझ्याकडे निरखून पाहिलं. "मावशी म्हनता... नाशिकच्या वैशालीबाई का?"

मी हो म्हटल्यावर तो जाळं मांडीवर घेऊन खाली बसला. त्याचं नाव इस्तारी. तलावातली मासळी राखायचं काम त्याचं, म्हणून दिवसभर पाळीवरच असतो. हळूहळू त्याने सांगितलं ते असं. जुलैमध्ये रोवणा, म्हणजे धानाची लावणी, चालू होता. सगळा टोला चिखलात, इस्तारीसुद्धा. तीन दिवस थैलीत कोणी हातच घातला नाही.

"तुमी सातदा फोन केला. मी मंग मोजले," तो म्हणाला. "इथं घंटी वाजून राहिली, अन् मावशी तिकडं बांधीत. चवथ्या दिवशी वाचलो अन् तसाच तिच्या घरी गेलो."

म्हणजे दोन टिका फोनला पोहोचल्या होत्या. फोन झाडावर होता.

आईची एक सवय मला तिथे आठवली. मावशीला फोन लावायचा तो रविवारी सकाळी दहालाच. एरवी मी लावून देते म्हटलं तरी नको म्हणायची. मला तो तिचा हेका वाटायचा. दर रविवारी दहाला तिची बहीण या झाडाखाली येऊन बसत होती, आणि आईने मला ते सांगितलं नाही, कारण मी विचारलंच नाही.

"आणि कमळ?" मी विचारलं.

इस्तारी जाळ्याच्या गाठी चाचपू लागला. "तुमचा तो शेवटचा निरोप. तेवढा एक मी तिले वाचला नाही. तिचं कारीज फाटलं असतं. पन एवढं लिवलं मानसानं, तं उत्तर नको का? मंग मीच फूल धाडलो. दुसऱ्या दिवशी वाटलं, आज नाही धाडलं तं तुमाले शक येईन." त्याने टोल्याकडे पाहिलं. "मावशीले सांगू नका बाई."

संशय खरा ठरल्यावर बरं वाटतं असं मला नेहमी वाटायचं. अजिबात वाटलं नाही.

मावशी अंगणात मिरच्या निवडत होती. मला बघून उठली नाही. हातातली मिरची खाली ठेवली आणि म्हणाली, "आली का वैशे? पाच महिन्यानं?"

मी पाया पडले, रडले. ती रडली नाही. पाणी दिलं, लाखोरीचं वरण आणि भात वाढला, मिरच्या घेऊन समोर बसली आणि मग बोलली. "माही बहीन आजारी होती तं मानूस काऊन नाही पाठवला? मरनाचा सांगावा कोनी त्या डबीत टाकते का? मानूस येते, दारात उभा राहते, आपन त्याच्या तोंडाकडं पाहूनच समजतो. मले इस्तारीनं सांगतलं. विहारात बाया जमल्या, मेनबत्ती लावली, वंदना घेतली. मंग मी थांबली. म्हनलं, वैशी येईन, आपल्या तोंडानं सांगन. इस्तारीले म्हनली, तिले फोन लावून दे. तो म्हने, लागतच नाही."

इस्तारी दारात मासळी घेऊन आला होता. त्याने मान खाली घातली. माझा फोन तर रोज लागत होता. माझ्या निरोपाच्या भीतीने त्याने पाच महिने आम्हा दोघींना बोलू दिलं नव्हतं. रागावणार कोणावर?

"आता आली," मावशी म्हणाली. "आता सांग."

मी सांगितलं. ताप कधी चढला, आईने काय खाल्लं, काय नको म्हणाली, शेवटी कोणाचं नाव घेतलं. ते नाव सुगंधाचं होतं. हे मी निरोपात लिहिलं नव्हतं. मावशी मध्ये मध्ये एकच विचारत होती, "मंग?" ऐकता ऐकता तिच्या हातातली मिरची चुरगळून गेली आणि तोच हात तिने डोळ्याला लावला. मग आम्ही दोघी डोळ्यांवर पाणी मारत बसलो, रडत आणि हसतही.

दुसऱ्या दिवशी सकाळी परतायचं होतं. मला सहज गप्प राहता आलं असतं. त्या निरोपाचं मावशीला काहीच माहीत नव्हतं. मावशी पाळीपर्यंत सोडायला आली, तेव्हा मी इस्तारीला बाजूला घेऊन म्हटलं, "तो निरोप पुसून टाकू का?"

"फोन तिचा, निरोप तिचा," तो म्हणाला. "मी वाचत नाही एखांदा, पन मिटवत नाही."

म्हणजे तो तसाच त्या थैलीत लटकत राहणार, कधीतरी दुसऱ्याच कोणीतरी वाचून दाखवेपर्यंत. मी निळ्या चिंधीचा फोन काढला, मावशीला झाडाखाली बसवलं आणि स्वतः वाचला: "मावशी, सख्खी बहीण गेली आणि तू फोनसुद्धा उचलला नाहीस. यापुढे आमच्यासाठी तूही नाहीस."

मावशी तलावाकडे बघत बसली. पाण्यावर बदकं होती. मग म्हणाली, "मी नाही, तं तू आली कोनाच्या घरी?"

ती इस्तारीकडे वळली. "अन् तू रे! माह्या नावानं रोज फूल? अन् बेटा म्हनून? मी कवा कोनाले बेटा म्हनली?"

"मले दुसरं सुचलं नाही," इस्तारी म्हणाला. मावशी हसली, आणि मग तिला ते हसू आवरेना.

ऑटोत बसल्यावर पिशवीतली बोरं आठवली, ती खाल्ली. गोड होती.

आता घरी येऊन महिना झाला. सहलीचा हिशेब विचाराल तर बघण्यासारखं तिकडे भरपूर आहे. थंडीत जा, पॅसेंजरनेच जा. माझा संशयी स्वभाव काही गेला नाही, फक्त रोख बदलला. कोणाला निरोप टाकला आणि दोन टिका उमटल्या की मला तो फोन कुठेतरी टांगलेला दिसतो. ज्यांचे फोन त्यांच्या खिशातच असतात, त्यांच्याबद्दलही खात्री वाटेनाशी झाली आहे. नवऱ्याचा नंबर मात्र पाठ केला.

कमळ अजून येतं, सव्वासातलाच. खाली आता लिहिलेलं असतं: "इस्तारी कडून. मावशी बरी आहे. वावरात गेली."

आणि रविवारी दहाला मी फोन लावते. घंटी वाजत राहते, वाजत राहते, पूर्ण वाजून बंद पडते. मी पुन्हा लावते. पूर्वी या घंटीने माझ्या अंगाचा तिळपापड झाला होता. आता मला ठाऊक असतं, इस्तारीने हाक मारली आहे आणि मावशी गुडघे धरून पाळ चढते आहे. मी वाजू देते.